स्वच्छ पाणी

"छान आहे," बिल्कीस म्हणाली. आणि म्हणून झाल्याबरोबर तिला कळलं, की हा शब्द आता परत गिळता यायचा नाही. परसदारी, भर दुपारी, अंगावरचा बुरखाही अजून उतरवलेला नसताना, मोऱ्याहून आलेल्या एस्टीची धूळ पापण्यांवर असताना, तिनं आपल्याच तोंडानं म्हटलं होतं, छान आहे. समोर हौद होता आणि हौदाचा तळ दिसत होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं हा तळ कधी पाहिला नव्हता. काळ्या दगडाच्या फरशा, त्यातली एक कोपऱ्यात तडकलेली. त्यावर मांडीभर नळाचं पाणी, काचेसारखं, आणि त्या पाण्यात लालसोनेरी मासे तोंडांची उघडझाप करत फिरत होते. जमाल कठड्यावर हात टेकून उभा होता. लुंगी वर खोचलेली, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की शाळेतून आलेल्या पोरानं पाटी पुढे करावी. "तुझ्यासाठी," तो मोठ्यानं म्हणाला. तो सगळंच मोठ्यानं म्हणायचा. "मुंबईहून आणले. डब्यात पाणी घालून, सगळ्या वाटेनं मांडीवर धरून आणले. तू मोऱ्याला गेलीस त्याच दिवशी हौद उपसायला घेतला. कसं वाटलं?" तेव्हा ती म्हणाली, छान आहे. जहाजाच्या इंजिनखान्यात त्याचा उजवा कान पार गेला होता, डाव्यानंही कमीच ऐकू येई, आणि ती उजव्या बाजूला उभी होती. म्हणून तिला ते दोनदा म्हणावं लागलं.

राग आला तो नंतर. घरात येऊन तिनं बुरखा खुंटीला लावला, पाणी प्यायली, मोऱ्याच्या नातेवाइकांनी दिलेली मिठाई फडताळात ठेवली, आणि खिडकीतली काचेची बरणी उचलायला हात पुढे केला. बरणीत खजूर होता. लख्ख पुसलेली बरणी, वर झाकण, आत काठोकाठ खजूर. लोणच्याची ती जुनी बरणी उन्हाळा लागल्यापासून त्या खिडकीत होती आणि तिच्यात तिचा काडीकिडा होता. सुकलेल्या गवताच्या काडीसारखा लांब, शेपटीची बारीक नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेणारा. हौदात त्याला दुसरे किडे त्रास देत म्हणून तिनं त्याला वेगळा ठेवला होता. तिनं बरणी पुन्हा जागेवर ठेवली. ती मोरीपाशी जाऊन उभी राहिली. पण रागावायचं कुणावर? बाहेर एक माणूस पोटऱ्यांवरचा चिखल धूत होता, आणि तो चिखल त्यानं तिच्यासाठी अंगाला लावून घेतला होता.

हौद जुना होता, जमालच्या आजोबांच्या वेळचा. तेव्हा उन्हाळ्यात विहिरी आटत म्हणून बांधलेला. पुढे गल्लीत नळ आला आणि हौदाची गरज सरली. बिल्कीस लग्न होऊन आपट्याहून या मोहल्ल्यात आली तेव्हा त्यात पावसाचं पाणी साठलेलं असायचं, वर पानं पडलेली. लग्नानंतर महिनाभरात जमाल जहाजावर गेला. आगवाला होता तो, भट्टीत कोळसा ओढणारा. घरात ती आणि सासू. सासूची बाज ओटीवर असे, आणि त्या बाजेवरून चूल दिसे, दार दिसे, न्हाणी दिसे, शिडी दिसे. हौदामागचा कोपरा तेवढा दिसत नसे. बिल्कीस त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहायची, बाकी काही कारण नव्हतं. कुणी बघत नाही अशा जागी माणूस काय करतं? खाली बघतं. खाली पाणी होतं. पहिल्यांदा तिला दिसले ते उताणे. पाठीवर पडून, दोन लांब पायांची वल्ही मारत पोहणारे, तांदळाएवढे किडे. ती कितीतरी वेळ बघत राहिली होती. तिला वाटलं होतं मेलेत, प्रवाहानं वाहतायत. पण हौदात प्रवाह कुठला? ते जिवंत होते आणि उताणे राहूनच जगत होते, सगळं जग उलटं बघत. त्या दिवशी ती या घरात पहिल्यांदा हसली. सासूनं बाजेवरून विचारलं, "काय झालं गो?" ती म्हणाली, "काही नाही, पाय घसरला."

मग एकेक येत गेले. कुणी आणले नाहीत, उडत आले. पाण्यावर काळ्या मण्यांसारख्या गरगर फिरणाऱ्या फिरक्या आल्या. पाठीवर अंड्यांची फरशी बसवल्यासारखा एक चपटा किडा आला, त्याला तिनं नाव दिलं हमाल. बंदरावरचे हमाल पोती वाहतात तसा तो पाठीवरचं ओझं वाहत काठाकाठानं हिंडायचा. किती दिवस ती त्याला बाईच समजत होती. मग एका सकाळी तिनं डोळ्यांनी बघितलं: एक किडा दुसऱ्याच्या पाठीवर चढून अंडी चिकटवतोय. चिकटवून झाल्यावर तो, म्हणजे ती, सरळ निघून गेली आणि खालचा राहिला, ओझं घेऊन. बिल्कीसनं तोंडावर पदर दाबला होता. हे कुणाला सांगणार? मोहल्ल्यातल्या बायकांत बसून ही गोष्ट सांगायची कशी? कधी आपट्याला माहेरी गेली, की पाताळगंगेच्या काठच्या शेतातल्या साचलेल्या पाण्यातून तांब्याभरून काही घेऊन यायची. धुण्याच्या निमित्तानं वडाळे तळ्यावर जायची ती बादलीत शेवाळ घेऊन परतायची. हौदात काटक्या उभ्या रोवून ठेवायची, कारण चतुरांची पिल्लं, ती राखाडी, कुरूप, जबडेवाली पिल्लं, पाण्यातून वर चढायला काहीतरी शोधतात. त्यांना खायला माश्या मारून टाकायची, मुंग्या टाकायची, पावसाळ्यात बेडकांची पोरं. सासू वारली. त्यानंतर कोपऱ्यात लपायचं कारण उरलं नाही, तरी ती तिथंच उभी राही, सवयीनं.

जमाल मधूनमधून सुट्टीवर येई. एकदा त्यानं विचारलंही होतं, हौदाकडे बोट करून, "हे काय?" ती म्हणाली होती, "पाणी आहे." आज बरणीपुढे उभं राहून तिला तेही आठवलं. तेव्हा सांगितलं असतं तर? या बघा, हे उताणे, हा हमाल. त्याला दाखवलं असतं. पण ती म्हणाली पाणी आहे. मग त्यानं ते पाणी बदललं, यात त्याचा काय गुन्हा? हा विचार आला आणि तिला त्याचा जास्तच राग आला. गुन्हा त्याचा नाही, म्हणजे आणखी एक गोष्ट तिच्याच पदरात.

रमजाननंतर तो कायमचा घरी आला होता. जहाजं आता तेलावर चालायला लागली होती, कोळसा ओढणारे नको होते, आणि बहिरा तर कुणालाच नको होता. घरी आला तो कामाला हपापलेला. कौलं शाकारली. दाराला रंग दिला. चुलीची जागा बदलली. धूर बरोबर जाईल म्हणाला, आणि धूर खरोखरच बरोबर जाऊ लागला, त्याचाही तिला राग आला. पाट्यावरवंट्याची दिशा बदलली. प्रत्येक गोष्ट करून झाल्यावर तो तिला बोलवायचा आणि विचारायचा, कसं वाटलं? आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची छान आहे, कारण खरंच छान असायचं. नळीसारखं बारीक काहीतरी तिच्या आत होतं, त्यातून ती इतकी वर्षं श्वास घेत होती, आणि त्याच्यावर रोज एक छान गोष्ट येऊन पडत होती.

मासे बघायला मोहल्ला लोटला. जमालची बहीण फहमिदा दोन गल्ल्यांपलीकडे दिलेली, ती पहिली आली. कठड्यावर बसून पाण्यात बोटं बुडवत म्हणाली, "माशाल्ला! भाईनं घर कसं उजळून टाकलं. नाहीतर भाभी, खरं सांगते, राग मानू नको, या हौदाकडे मला बघवायचं नाही. कसले कसले किडे. मी यांना म्हणायचे, मूल नाही ना पोटी, म्हणून बिचारी किडे पाळते." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. दयेनं. बिल्कीस चहाचे कप घेऊन उभी होती. मूल असतं तरी ठेवले असते, तिला ओरडून सांगायचं होतं. दहा मुलं असती तरी ठेवले असते. तुमच्या पोटी आहेत ना, मग तुम्ही दुपारभर दुसऱ्याच्या हौदावर कशाला बसलात? पण तिनं कप वाटले. फहमिदा पुढे म्हणाली, "उपसला तेव्हा यायला हवं होतंस. भाईनं बोळा काढला आणि सगळं गटारात आलं ते वळवळत. कावळ्यांची चंगळ झाली नुसती. गल्ली काळी झाली होती कावळ्यांनी." बिल्कीसनं शेवटचा कप कठड्यावर ठेवला. तिला दिसलं: गटाराच्या काठावर उन्हात उताणे उताणेच पडलेले, आणि हमाल पाठीवरच्या ओझ्यासकट. ती आत गेली आणि पिठाचा डबा उघडून त्यात दोन्ही मुठी खुपसून उभी राहिली. पीठ आवाज करत नाही. किती जोरानं दाबलं तरी आवाज करत नाही.

बोलायचं तर ओरडावं लागायचं, हे खरं दुखणं होतं. नवऱ्यावर चिडलेली बाई रात्री हलकेच कुजबुजून भांडते. भिंतीपलीकडे कळत नाही, सकाळी पुन्हा सगळं ठीक. बिल्कीसला ती सोय नव्हती. जमालशी जे बोलायचं ते चार घरांत ऐकू जाईल असंच बोलावं लागे, आणि चार घरांना ऐकवण्यासारखं तिच्याजवळ काय होतं? माझे किडे मारले? एकदा जेवताना ती त्याच्या बहिऱ्या बाजूला बसली आणि भाकरी मोडता मोडता अगदी हळू, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मला विचारलं का नाहीत? एकदा विचारलं असतंत तर तुमचा हात मोडला असता का?" तो मन लावून जवळ्याचं कालवण खात होता. तिच्या ओठांची हालचाल त्याला कोपऱ्यातून दिसली असावी. त्यानं मान वळवली. "काय?" ती म्हणाली, "मीठ बरोबर आहे का?" "झकास आहे," तो म्हणाला. त्या रात्री तिला स्वतःची इतकी किळस आली की तिनं जेवण टाकलं.

ज्यानं विचारायला हवं होतं त्यानं विचारलं नाही. विचारलं भाजीवाल्या ठमाबाईनं. ठमाबाई कामोठ्याकडची आगरीण. मिठागरावर काम नसे तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन मोहल्ल्यात यायची आणि मागच्या दारी बसून, हौदात डोकावत, बिल्कीसशी चार गोष्टी करायची. त्या सकाळी तिनं पाटी उतरवली, हौदाजवळ हात धुवायला गेली आणि तशीच उभी राहिली. "अगो बाय," ती म्हणाली, "ह्यान तं कायच नाय. तुजं ते उताणं कुठं गेलं?" बिल्कीस भाजी निवडत होती. तिनं वर बघितलं. "गेले," ती म्हणाली. "कुठं गेले? मारलं?" "हौद धुतला." ठमाबाई माशांकडे बघत राहिली. "हे दिसायला बेस हाईत," ती म्हणाली, "पन हे निस्ते फिरतान. ते कायतरी करीत व्हतं." मग ती वळली, माठाची भाजी मोजून दिली आणि निघाली. जाता जाता म्हणाली, "घरवाल्याला बोललीस का नाय?" बिल्कीसनं माठाची जुडी पुढे ओढली. "बोल की. पानी काय त्याच्या एकल्याचं हाय?" ठमाबाई गेली, आणि बिल्कीस त्या भाजीच्या ढिगापुढे बसून पहिल्यांदा रडली. संतापानं, दात आवळून, कुणाला कळू न देता. दुःख असतं तर बरं झालं असतं. दुःखाला लोक समजून घेतात.

जमालचं माशांवर मन बसलं होतं. सकाळ-संध्याकाळ तो त्यांना पिठाच्या गोळ्या घाली. मासे त्याला ओळखू लागले, सावली पडली की वर येत. हा मोठा, दांडगा माणूस पाण्याशी वाकून इतक्या हळू आवाजात बोले की बिल्कीस चकित होई. हळू बोलता येतं तर याला. संध्याकाळीही मासे दिसावेत म्हणून त्यानं परसात वीज ओढून घेतली आणि हौदावर, दोन बांबूंच्या मधोमध, एक मोठा दिवा टांगला. पाण्यावर पिवळा उजेड पडला, मासे निखाऱ्यांसारखे दिसू लागले. त्यानं तिला हाक मारली. कसं वाटलं? ती दारातूनच म्हणाली, छान आहे. आणि म्हणताना तिला एक गोष्ट माहीत होती जी त्याला माहीत नव्हती. पाण्यावर दिवा लावला की थोरला येतो. थोरला म्हणजे हमालाच्याच जातीचा, पण हाताच्या बोटाएवढा लांब, पुढचे दोन पाय आकड्यांसारखे. तळ्यातून, भातखाचरातून अंधारात उडतो, उजेड दिसला की त्यावर धडकतो आणि खाली पाणी असलं तर तिथंच राहतो. सासू असताना ओटीवरच्या कंदिलावर असाच एक आला होता. बिल्कीसनं त्याला हौदात सोडलं होतं, आणि त्यानं तिचा निम्मा हौद फस्त केला तेव्हा त्याला उचलून पुन्हा तळ्यात नेऊन टाकलं होतं. जमालला हे सांगायला हवं होतं. दिवा लावू नका, किंवा वरून जाळी टाका. दोन वाक्यं. तिनं ती सांगितली नाहीत. मुद्दाम नाही, ती स्वतःला म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. आणि त्या म्हणण्यात तिला जी चव लागली, त्या चवीला ती घाबरली.

दोन-तीन दिवसांनी, दिवेलागणीला, ती आत भाकऱ्या थापत होती. जमाल मगरिबच्या नमाजाला गेला होता. बाहेर दिव्यावर काहीतरी ठण्णकन आपटलं आणि पाठोपाठ पाण्यात डुबुक झालं. तिचे हात थांबले. तो आवाज ती ओळखत होती. मोहल्ल्यातलं दुसरं कुणीही म्हणालं असतं, बोर पडलं, खडा पडला. उठावं, जाळीच्या चमच्यानं काढावं, भिंतीपलीकडे फेकावं. दहा पावलांचं काम. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. भाकरी टम्म फुगली. ती बघत राहिली.

सकाळी जमालची हाक आली ती आधी तिला हाक वाटलीच नाही. ओरडणं होतं. ती बाहेर गेली. दोन मासे पाण्यावर आडवे तरंगत होते, रंग उतरलेले, पोटं आत गेलेली, रिकाम्या पिशव्यांसारखे. तिसरा थोरल्याच्या मिठीत होता. तडकलेल्या फरशीच्या कोपऱ्यात बसून थोरला सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखा, आपली सोंड त्याच्या मानेत खुपसून त्याला पीत होता. बाकीचे मासे दुसऱ्या टोकाला एकमेकांना चिकटून थरथरत होते. जमालनं काठी घातली, थोरला बाहेर आला. जमाल त्याला दगडानं ठेचत राहिला, त्याचा चिखल होईपर्यंत. मग वळला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"हा तुझ्या किड्यांतला आहे," तो ओरडला. "फहमिदा म्हणाली होती मला, तू किडे पाळतेस म्हणून. कुठंतरी लपवून ठेवला होतास. तू टाकलास?"

भिंतीपलीकडची भांडी घासायची थांबली. बिल्कीसला ते कळलं. खरं उत्तर तिच्या जिभेवर होतं: तुमच्या दिव्यानं आणला. ते खरंही होतं आणि त्याला लागलंही असतं. पण दिव्यानं आणला म्हणजे कुणीच आणला नाही. म्हणजे एक अपघात झाला, किडा आला, मासे मेले, चला भाकरी खायला. मग तिच्या आत जे इतके दिवस धुमसत होतं, ते पुन्हा कुणाचंच नाही. तिनं त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"हो. मी टाकला."

तो मारेल असं तिला वाटलं. त्यानं कधी मारलं नव्हतं, पण वाटलं. त्यानं हातातली काठी खाली ठेवली.

"का?"

"माझं पाणी ओतून दिलंत म्हणून."

"काय होतं त्यात? घाण होती! शेवाळ होतं, किडे होते—"

"माझे होते."

"मासे तुझ्यासाठीच आणले होते ना मी? कुणासाठी आणले?"

"मी मागितले होते? चूल हलवली, पाटा हलवला, विचारलंत? जिवंत होतं ते सगळं. मी रोज बघत होते. तुम्ही नव्हता तेव्हा मी तेच बघत होते. मला एकदा विचारायचंत! कावळ्यांना घातलंत ते."

तिचा आवाज फाटला होता. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. जमाल कठड्यावर बसला. बसला म्हणजे खाली गेला, जसं ओझं टाकतात.

"खाली भट्टीपाशी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज तिला नीट ऐकू आला नाही, तिला पुढे वाकावं लागलं, "काळं असतं सगळं. थुंकी काळी, घाम काळा. पाणी देतात ते टाकीतलं, गंजाचं. मी पाळीवर उभा असताना एकच बघायचो डोळ्यांपुढे. आपल्या परसातला हौद. त्यात स्वच्छ पाणी. आरपार दिसणारं. घरी कायमचा गेलो की ते करायचं. खुदा की कसम, एवढंच बघायचो."

हे त्यानं सांगायला नको होतं. बिल्कीसला वाटलं, हे याच्यापाशी होतं तर आधी का नाही सांगितलं? त्याचंही खरं होतं. तिथं, हजार कोसांवर, तोही याच हौदाकडे बघत उभा होता. आणि त्याच्या त्या बघण्यात ती नव्हती, तिचे उताणे नव्हते, काहीच नव्हतं, नुसतं पाणी. तिचा राग यानं विझायला हवा होता. तो विझला नाही. आता त्याला धड टेकायला जागाही राहिली नाही, म्हणून तो सगळीकडे पसरला. "मग मला सांगायचंत," ती म्हणाली. "मी दुसरा हौद बांधून मागितला असता." आणि ती आत गेली.

दुपारपर्यंत मोहल्ल्यात झालं: जमालच्या बायकोनं विषारी किडा सोडून मासे मारले. फहमिदा आली, दारातच उभी राहिली, तोबा तोबा म्हणाली, भाईला म्हणाली चार दिवस माझ्याकडे राहायला चल. तो गेला नाही. उरलेले मासे त्यानं डब्यात भरून बहिणीकडे पाठवले. दिवा उतरवला. मग तो हौदाकडे फिरकेना. वजूला, नमाजाआधीच्या हातपाय धुण्यालाही, मशिदीत जाऊ लागला. बायका बिल्कीसशी बोलत, पण जपून. परसात आल्या तर हौदापासून लांब बसत, मुलांना हात धरून ओढत. तिला त्याचं नवल वाटे. इतकी वर्षं ती बिचारी होती, कुणीही हौदावर बसून तिची कीव करी. आता एका खोट्या शब्दानं तिच्याभोवती जागा मोकळी झाली होती. ती खोटं बोलली हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आणि भाकरीवर पाण्याचा हात फिरवणारा आपला हात आठवला, की ते कितपत खोटं होतं हे तिलाही ठरवता येत नसे.

पाणी हिरवं व्हायला लागलं. आधी डासांची पिल्लं झाली, वाकडीतिकडी उसळणारी. जमालनं ती पाहिली असावीत. पण त्यानं हौद पुन्हा उपसला नाही. मग एका दिवशी बिल्कीसनं कळशी घेतली, बुरखा घातला आणि भर सकाळी, दुकानं उघडी असताना, मोहल्ल्याच्या मधल्या रस्त्यानं वडाळे तळ्यावर गेली. धुणं नेलं नाही. निमित्त नेलं नाही. गुडघाभर पाण्यात उतरून, कळशीचं तोंड शेवाळात फिरवून तिनं ती भरली. परतताना नझीर दुकानदारानं विचारलं, "भाभी, नळ बंद आहे का?" ती थांबली. "नळ चालू आहे," ती म्हणाली. "हे किड्यांचं पाणी आहे. किडे आणलेत." आणि त्याचा चेहरा बघत बसली नाही. घरी येऊन तिनं कळशी हौदात रिती केली. जमाल ओटीवर बसून जाळं विणत होता, त्यानं मान वर केली, तिच्या भिजलेल्या कपड्यांकडे बघितलं, पुन्हा खाली घातली.

ती दोघं बोलत नव्हती असं नाही. जेवायला वाढलंय, कौल फुटलंय, आपट्याहून निरोप आलाय. कामापुरतं. आतला राग गेला नव्हता. तो सकाळी उठल्याबरोबर तिला आधी भेटायचा. पण आता तो तिला ओळखीचा झाला होता, आणि त्याचं तोंड लपवायला लागत नव्हतं. कधी चूल पेटवताना ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणायची, "धूर जातो बरोबर, पण वाकून वाकून कंबर गेली माझी." असं एकदा म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी बघते, चुलीखाली दोन चिरे घालून ती उंच केलेली. तिला ऐकवायचं नव्हतं. त्यानं ऐकलं कसं, कुठल्या कानानं, देव जाणे. या वेळी त्यानं कसं वाटलं विचारलं नाही. तीही काही म्हणाली नाही.

भाद्रपदातली उघडीप होती. नळाला पाणी आलं नव्हतं. दुपारी ती मांदेली साफ करत न्हाणीपाशी बसली होती. जमाल हातात टमरेल घेऊन परसात आला. मेंदीची रोपं लावली होती त्यानं भिंतीशी, ती माना टाकून उभी होती. तो हौदाकडे निघाला आणि कठड्यापासून चार हातांवर थबकला. तिच्याकडे वळला.

"रोपांना पाणी हवंय," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "घेऊ का?"

बिल्कीसनं हौदाकडे बघितलं. हिरव्या पाण्यावर फिरक्या गरगरत होत्या. एका टमरेलानं काही बिघडलं नसतं.

"थांबा," ती म्हणाली. मोठ्यानं.

तो थांबला. तिनं हातातलं मांदेलं साफ केलं, मग दुसरं. उरलेली सगळी केली, धुतली, हळद-मीठ लावलं, वर ताट झाकलं. मांजराला डोकी टाकली. हात दोनदा धुतले. तो टमरेल धरून उन्हात उभा होता, टक्कल घामानं चकाकत होतं, आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही. तिला वाटत होतं आता हा चिडेल, टमरेल आदळेल, निघून जाईल. आणि जावं असंही वाटत होतं. तो गेला नाही. ती पदराला हात पुसत हौदापाशी आली आणि त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभी राहिली.

"घ्या आता," ती म्हणाली. "कडेनं घ्या. आणि आधी आत बघा."

तो वाकला. बराच वेळ बघत होता.

"काय बघू?" त्यानं विचारलं.

"ते मी नाही सांगणार," ती म्हणाली. "दिसेल ते तुम्ही मला सांगा."